घाट्यापासून पिठल्यापर्यंत: सोलापुरात कडधान्यांचे फोटो काढताना

कडधान्यांचे फोटो काढायला शिकायचं असेल, तर सोलापुरात राहणाऱ्याला फार लांब जावं लागत नाही. शहरातून अर्धा तास बाहेर पडलं की हंगामात तूर नाहीतर हरभरा उभा असतो. मंडईत घेवड्या-पावट्याचे ढीग लागतात. घरात तर उसळ, आमटी, पिठलं, शेंगाचटणी यांतलं काही ना काही रोज असतंच. तरीही नवख्याचे फोटो एकसारखेच येतात: वरून काढलेले, भर दुपारचे, हिरवं ते सगळं भडक आणि तपकिरी ते सगळं चिखलासारखं.

कारण साधं आहे. दाणा प्रत्येक अवस्थेत उजेडाशी वेगळा वागतो. कोवळ्या शेंगेतून उजेड आरपार जातो. वाळलेल्या दाण्याची सुरकुती तो फक्त बाजूनं आला तरच दाखवतो. भिजलेला दाणा चमकतो, आणि आमटीवरचा तवंग खिडकीचा सगळा उजेड थेट लेन्सवर फेकतो. म्हणून आधी उजेड कुठून येतोय ते बघायचं, फोन त्यानंतर बाहेर काढायचा. बाकीच्या गोष्टी सवयीनं जमतात.

एकच धान्य धरा

पहिल्या हंगामात सगळ्या कडधान्यांच्या मागे लागू नका. एक धरा आणि त्याचा रानापासून ताटापर्यंत पाठलाग करा. माझं मत विचाराल तर हरभरा घ्या. ऑक्टोबर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला पेरलेला हरभरा डिसेंबरात फुलावर येतो, जानेवारीत घाटे (हरभऱ्याच्या शेंगा) भरतात, फेब्रुवारीत काढणी. म्हणजे थंडीच्या दिवसांत, चांगल्या उजेडात सगळं उरकतं. शिवाय एवढी रूपं दुसऱ्या कशाची नाहीत: फूल, घाटा, सोलाणा (सोललेला ओला दाणा), हुळा (जाळावर भाजलेले घाटे), वाळलेला दाणा, मोड आलेला दाणा, फुटाणा, डाळ, डाळं, बेसन, पुरण.

तूरही चांगली, पण ती डोक्याएवढी वाढते आणि वाऱ्यावर सतत डुलते. ज्यांना रान गाठणं शक्य नाही त्यांनी गच्चीवर मोठ्या कुंडीत चवळी किंवा वाल लावावा. वेलाला दोरी दिली की फूल आणि शेंग दोन्ही हाताशी मिळतात, आणि रोज सकाळी चहाच्या आधी पाच मिनिटं फोटो काढता येतात.

सामानाचं फार मनावर घेऊ नका. फोन पुरतो. सोबत थर्माकोलचा एक पांढरा तुकडा, काळ्या पुठ्ठ्याचा एक तुकडा, जुनं पांढरं धोतर किंवा मलमलचं कापड, कपडे वाळत घालायचे दोन चिमटे, लेन्स पुसायला मऊ फडकं आणि बसायला पोतं. कॅमेरा असेल तर मॅक्रो (अगदी जवळून काढायची) लेन्स उत्तम, नसेल तर ५० मिमीची साधी लेन्सही खूप काम करते.

रानात

आधी परवानगी. बांधावर कोणी असेल तर "दादा, हरभऱ्याचे फोटो काढू का?" एवढं विचारलं की सहसा कोणी नाही म्हणत नाही, उलट चांगलं झाड कुठलं ते दाखवायला स्वतः पुढे चालतात. दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: फवारणी कधी झाली? नुकतीच झाली असेल तर त्या रानात हात लावायचा नाही, घाटे तोडून खायचे तर नाहीच. सरीतून चालायचं आणि पहाटेच्या दवात पायात बूट हवेत.

जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. तिथून साधारण नऊपर्यंतचा उजेड तुमचा, आणि संध्याकाळी पाचनंतरचा. मधल्या वेळेत जायची पाळी आलीच तर दोघांनी पांढरं धोतर झाडावर ताणून धरा. कडक सावल्या मऊ होतात. एकटे असाल तर छत्रीच्या सावलीत फोटो काढा. रंग थोडे निळसर येतील, ते नंतर नीट करता येतात. सोलापूरचं दुपारचं ऊन मात्र नंतर कशानंच नीट होत नाही.

हरभऱ्याचं झाड गुडघ्याएवढं, त्यामुळे उभ्यानं काढलेल्या फोटोत फक्त पाला येतो. पोतं टाका आणि खाली बसा. फोन घाट्याच्या उंचीला आणा. आता सूर्य घाट्याच्या मागे येईल असे सरका. घाट्यावर बारीक लव असते. मागून ऊन आलं की त्या लवेची चंदेरी कड उमटते, साल पोपटी होते आणि आतला एक किंवा दोन दाणे सावलीतून स्पष्ट दिसतात. हा परिणाम हवा असेल तर मागची बाजू काळोखी हवी, आणि इथे आपली काळी जमीन कामाला येते. फोन थोडा वरून खाली झुकवला की मागे आकाशाऐवजी सावलीतली माती येते. लेन्सवर थेट ऊन पडून फोटो पांढुरका होत असेल तर मोकळ्या हाताची सावली लेन्सवर धरा.

त्याच काळ्या जमिनीचा एक त्रासही आहे. फ्रेममध्ये माती जास्त आली की फोनला वाटतं उजेड कमी आहे, आणि तो सगळं उजळ करतो. माती राखाडी होते, घाटा फिकट पडतो. स्क्रीनवर घाट्यावर बोट टेकवा, फोकस तिथे पक्का झाला की शेजारचा सूर्याची खूण असलेला पट्टा खाली ओढा. माती पुन्हा काळी दिसेपर्यंत ओढायचा. घरी पांढरी चवळी किंवा भाकरी काढताना नेमकं उलटं करायचं, पट्टा वर.

जवळून काढायचं म्हणून फोन घाट्याला टेकवू नका. बऱ्याच फोनमध्ये मॅक्रो मोड म्हणजे रुंद कोनाची लेन्स असते. ती इतक्या जवळ जाते की फोनचीच सावली पडते आणि मागचं अर्धं रान फ्रेममध्ये घुसतं. त्यापेक्षा दुप्पट झूम लावा आणि हातभर मागे बसा. पोर्ट्रेट मोडही बंद ठेवा. तो मागची बाजू खोटी धूसर करतो आणि त्यात घाट्याची लव, चवळीच्या वेलाचं टोक असं सगळं बारीक काम कापून टाकतो. वारा असेल तर फांदी चिमट्यानं काडीला धरून काडी मातीत रोवा. कॅमेऱ्यावर शटर (ते किती वेळ उघडं राहतं) १/५०० सेकंद आणि अॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक) एफ/८ च्या आसपास ठेवलं तर घाटा पूर्ण स्पष्ट येतो. फार उघडं अॅपर्चर ठेवलं की घाट्याची चोच स्पष्ट आणि देठ धूसर होतो.

एक काम जरूर करा. थंडीच्या सकाळी हरभऱ्याच्या पाल्यावर दवासोबत आंब असते. पानांवरची लवच ती सोडते, त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. पूर्वी रात्री पिकावर कापड अंथरून, सकाळी पिळून ती गोळा करत. पानाच्या दातेरी कडेवर, लवेच्या टोकाला हे थेंब दिसतात. सूर्य मागून ठेवून एका पानापुरती फ्रेम धरा. फवारणी झालेली नसेल तर बोटाला लागलेली आंब चाखूनही बघा, आंबटखारट लागते. मात्र तेच चिकट बोट स्क्रीनवर आणि लेन्सवर लागतं, म्हणून दर थोड्या वेळानं फडकं ओलं करून लेन्स पुसा. रानातले अर्धे धूसर फोटो या आंबेमुळे येतात.

फुलाचा फोटो समोरून काढू नका. या सगळ्या कुळाच्या फुलाची ठेवण एकच: वर उभी मोठी पताका, दोन बाजूंना दोन पंख, आणि मध्ये नौका, जिच्यात पुंकेसर झाकलेले असतात. समोरून फक्त पताका दिसते. बाजूनं, फुलाच्याच उंचीवरून काढलं की तिन्ही दिसतात. आपल्या देशी हरभऱ्याचं फूल गुलाबी-जांभळं, काबुलीचं पांढरं. शेजारी शेजारी रानं असतील तर दोन्ही एकाच उजेडात, एकाच अंतरावरून काढून ठेवा. तुरीचं फूल पिवळं असतं, काही वाणांत पताकेच्या पाठीवर लालसर रेघा असतात, त्यासाठी मागच्या बाजूनंही एक फोटो हवा. भुईमुगाचं फूल भल्या पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मलूल होतं, तेव्हा तिथे आळस चालत नाही. त्याची खरी गंमत फुलाच्या खाली आहे. फुलानंतर आरी (देठासारखा बारीक कोंब) सुटते आणि जमिनीत शिरते, शेंग तिथे पोसते. मालकाला विचारून बुंध्याजवळची माती बोटानं जरा बाजूला करा, आरी मातीत शिरताना दिसेल. उपटलेल्या झाडाचा फोटो लगेच काढायचा. माती सुकून गळाली की ओल्या शेंगेचा तो गुलाबी-पिवळा रंग जातो.

किडका घाटा सापडला तर टाळू नका. घाटेअळीनं पाडलेलं गोल भोक, त्यात डोकं खुपसलेली अळी, हाही कडधान्याच्या गोष्टीचा भाग आहे, आणि शेतकऱ्याला तोच फोटो सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

डिसेंबर किंवा जानेवारीच्या सुरुवातीला येळवस येते, मार्गशीर्षातली अमावस्या. अक्कलकोटकडे आणि पुढे धाराशिव-लातूरच्या पट्ट्यात त्या दिवशी सगळं घर रानात जेवायला जातं. कोणाची ओळख असेल तर जरूर जा. कडब्याची कोप (छोटी झोपडी), आत पांडवांची पूजा, आणि जेवायला भज्जी: ओला हरभरा, तूर, वाटाणा, पावटा, जे हिरवं मिळेल ते सगळं बेसन लावून शिजवलेलं, सोबत भाकरी आणि आंबील. रान आणि ताट एकाच फ्रेममध्ये मिळण्याचा हा एकमेव दिवस. पूजेच्या वेळी फोन खाली ठेवा, पंगत बसली की काढा. जेवण दुपारी असतं, तेव्हा ताट कोपीच्या सावलीत पण उघड्या बाजूकडे ओढून घ्या. कडब्यातून पडणाऱ्या उन्हाच्या कवडशांत भज्जीचा फोटो ठिपक्याठिपक्यांचा येतो.

हुळा भाजायचा बेत असेल तर संध्याकाळचा ठेवा. घाट्यासकट डहाळे पेटत्या काटक्यांवर टाकतात तेव्हाचा जाळ फोनला फार उजळ वाटतो, म्हणून इथेही पट्टा खाली. पण जाळापेक्षा नंतरचं बघा: काळे पडलेले घाटे, राखेत फिरणारी बोटं, आणि सोललेला हिरवागार गरम सोलाणा काळ्या तळहातावर. तळहात मावळत्या उजेडाकडे धरायला सांगा, फ्लॅश नको.

मंडईत

लक्ष्मी मंडईत भोगीच्या आदल्या दिवशी जा. संक्रांतीच्या आधीच्या त्या दोन दिवसांत घेवडा, पावटा, वालाच्या शेंगा, ओला हरभरा, वाटाणा, सगळं एकाच ठिकाणी येतं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याची, म्हणजे यात्रेची, गर्दी शहरात असतेच, त्यामुळे सकाळी लवकर.

इथली मुख्य अडचण म्हणजे ताडपत्री. निळ्या ताडपत्रीखाली हिरवी शेंग निळसर आणि माणूस आजारी दिसतो, पिवळ्या ताडपत्रीखाली सगळं हळदीचं. फोनचा ऑटो रंग इथे हमखास फसतो. ताडपत्रीच्या कडेला, जिथे मोकळ्या आकाशाचा उजेड पडतो, तिथली पाटी निवडा. तसं जमलं नाही तर ढिगावर एक पांढरा कागद ठेवून एक फोटो काढा. नंतर एडिट करताना तो कागद पांढरा दिसेपर्यंत रंग सुधारायचा आणि तीच सुधारणा बाकीच्या फोटोंना लावायची.

आधी पाव किलो शेंगा घ्या, मग विचारा. "मावशी" किंवा "अक्का" म्हणून बोललं की मंडईत कोणीही बोलतं, मराठी, कानडी, तेलुगू सगळं चालतं. चेहरा नको म्हणाल्या तर हात काढा. पावटा सोलणारे हात तसेही चेहऱ्याइतकंच सांगतात: अंगठ्याचं नख शेंगेच्या शिरेत जातं, शेंग उघडते, दाणे एका झटक्यात पाटीत. यासाठी फोनचा बर्स्ट मोड (सलग भराभर फोटो काढणारा) लावा आणि शेंग उघडतानाचा एक ठेवून बाकीचे पुसून टाका.

वाळलेला दाणा

घरी आणलेल्या धान्याचा फोटो बहुतेक जण वाटीत भरून, वरून काढतात. दाण्याला आकारच उरत नाही. त्याऐवजी खिडकीशी बसा, खोलीतले दिवे बंद करा (खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र आले की रंग कधीच जुळत नाहीत) आणि मूठभर दाणे अशा जागी पसरा जिथे खिडकीचा उजेड अगदी बाजूनं, जवळजवळ आडवा येतो. आता देशी हरभऱ्याची चोच, त्याच्या सालीवरच्या सुरकुत्या, सगळं उठून येईल. सावलीची बाजू फार काळी पडली तर तिकडून थर्माकोल धरा. फार सपाट झाली तर थर्माकोल काढून काळा पुठ्ठा धरा.

प्रत्येक दाण्याला डोळा असतो, शेंगेला चिकटलेली ती जागा. चवळीचा काळ्या कडेचा, वालाचा पांढरी उंच रेघ असलेला. फोकस तिथे ठेवा आणि दोन-चार दाणे मुद्दाम डोळा वर येईल असे फिरवा. साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा मिळाला तर त्याच्या अंगावरच्या लाल रेघा दिसतील असा एक दाणा अगदी पुढे. हरभरा, तूर, मटकी, हुलगा, मूग यांचे पाच-पाच दाणे एका ओळीत, एकाच अंतरावरून काढले की आकारातला फरक न सांगता कळतो.

फोटोआधी धान्य निवडा, जेवायला निवडता तसंच. फुटका दाणा, खडा, भुंग्याचं भोक मोठ्या फोटोत डोळ्यात भरतं. धुळकट मटकी दमट फडक्यात चोळून घ्या. तेल लावू नका. तेलानं चमक येते पण दाणा प्लास्टिकचा दिसतो.

खाली काय अंथरायचं? सोलापुरी चादर नको. आपल्याला तिचा कितीही अभिमान असला तरी तिची नक्षी दाण्यावर मात करते. टेरी टॉवेलच्या धाग्यांच्या वेटोळ्यांत मटकी हरवून जाते. जुनी पाटी, सागाचा पाट, साधं खादीचं कापड चांगलं. सगळ्यात उत्तम काळी घोंगडी: ती उजेड पिते आणि तिच्यावर पांढरा वाल किंवा तुरीची डाळ अशी काही खुलते की बघत राहावं. दाण्याला लागलेली लोकर फक्त टिपून घ्यावी लागते.

पाखडतानाचा फोटो हवा असेल तर अंगणात, संध्याकाळी, सूर्य सुपाच्या मागे ठेवून. दाणे हवेत थांबलेले हवे असतील तर शटर १/१०००. दाण्यांच्या रेघा हव्या असतील तर १/६० पुरे, फोन मात्र कशावर तरी टेकवलेला हवा. उडणारा कोंडा फक्त मागच्या उजेडातच दिसतो.

मोड

मटकी रात्री भिजवा, सकाळी उपसून फडक्यात बांधा. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात, थंडीत दुसरा दिवस उजाडतो. फोटोची योग्य वेळ मोड अर्धा सेंटीमीटर असतानाची. साल नुकती फाटलेली, पांढरं टोक बाहेर डोकावणारं. त्याहून वाढले की फोटोत ते अळ्यांसारखे वळवळलेले दिसतात आणि बघणाऱ्याची भूक जाते. फडकं सोडतानाचाच फोटो चांगला येतो, कारण काही मोड कापडातून आरपार गेलेले असतात. हातानं विस्कटू नका, मोडतात.

फोन स्टँडवर पक्का करून दर तासाला एक फोटो काढला तर मोड येण्याची पूर्ण मालिका मिळते. त्यासाठी खिडकीचा नव्हे, एकाच दिव्याचा उजेड ठेवा, नाहीतर दिवसभरात रंग बदलत जातो.

ताट

आता सगळ्यात अवघड भाग, कारण आपलं बहुतेक जेवण तपकिरी आहे. उसळ तपकिरी, हुलग्याचं माडगं तपकिरी, शेंगोळ्या तपकिरी. त्यावर कोथिंबिरीचं जंगल पेरणं हा उपाय नव्हे. रंग बाहेरून आणायचा असेल तर तो ताटातलाच हवा: कांद्याची फोड, लिंबू, हिरवी मिरची, दही.

उजेड मागून किंवा मागच्या कोपऱ्यातून घ्या. तवंगावर खिडकीचा पांढरा चट्टा पडला तर फोन किंचित वर-खाली करा. चट्टा पूर्ण घालवू नका, कडेला थोडा राहिला तरच आमटी ओली दिसते. वाटी खोल असेल तर पंचेचाळीस अंशांतून, पसरट ताट असेल तर सरळ वरून, भाकऱ्यांची चळत असेल तर तिच्या उंचीवरून.

वाटीत उसळ वाढली की दाणे तळाला जातात आणि वर नुसता रस्सा दिसतो. वाटीच्या तळाशी एक छोटी वाटी पालथी घालून मग उसळ वाढा. दाणे वर राहतात. सालीसकट शाबूत दाणे हवेत म्हणून मूठभर मटकी थोडी आधीच बाहेर काढून ठेवा आणि शेवटी वर घाला. वाफ हवी असेल तर मागे काळा पुठ्ठा आणि उजेडही मागून. वाफ एक-दोन मिनिटंच टिकते, तेव्हा आधी रिकामी वाटी ठेवून फ्रेम, फोकस, उजेड सगळं जुळवून घ्या, मग गरम वाढा.

स्टीलचं ताट म्हणजे आरसा. त्यात तुम्ही, तुमचा फोन आणि छताचा पंखा येतो. ताटाच्या समोर, फोनच्या आजूबाजूला पांढरं कापड धरलं की प्रतिबिंब पांढरं होतं. नाहीतर लोखंडी तवा, पितळी वाटी किंवा जुनं जर्मनचं पातेलं वापरा, पोचे असले तरी चालतील.

शेंगाचटणीचा फोटो म्हणजे तिच्या भरडपणाचा फोटो. उखळात कुटलेली चटणी तेल सोडून हलकी गोळा होते. मिक्सरमधली भुकटी तशी होत नाही आणि फोटोत ते लगेच ओळखू येतं. गोळा बोटांनी फोडा, आतली ओलसर बाजू उजेडाकडे करा, उजेड अगदी बाजूनं. लाल रंग फोन हटकून भडकवतो, तेव्हा एडिट करताना फक्त लाल थोडा उतरवा. कडक भाकरीचा तुकडा आणि पांढरं दही शेजारी असलं की दुसरं काही लागत नाही.

पुरणपोळीचा फोटो वरून काढून उपयोग नाही, तिचं सगळं आत असतं. मधून फाडा, पुरणाची कड समोर घ्या, वरचं तूप वितळत असतानाच. पिठलं तव्यावरच काढा. कडेला धरलेली खरपूड आणि मध्ये फुटणारे बुडबुडे, दोन्ही एका फ्रेममध्ये मावतात. गॅसवर वाकून फोटो काढताना लेन्सवर वाफ धरते, म्हणून आधी तवा खाली उतरवा, दहा सेकंद थांबा, लेन्स पुसा, मग काढा.

शेवटी निवड. एका धान्याचे आठ-दहा फोटोच ठेवा, प्रत्येक अवस्थेचा एक. एडिट करायला स्नॅपसीडसारखं फुकट ॲप पुरतं: आधी पांढरा रंग नीट करा, मग काळोख-उजेड, आणि हिरव्याला हात लावायचा तर तो कमी करायलाच. मूळ फाइल कधीही पुसू नका, आणि फोल्डरला धान्याचं नाव, गाव आणि महिना द्या. पुढच्या डिसेंबरात त्याच रानात जाल तेव्हा कुठल्या आठवड्यात फूल होतं ते त्यावरूनच कळेल.